उलट्या पिळाची दोरी

माझ्याकडे येणाऱ्या माणसाचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं. अवजार बिघडलं. स्वेटरच्या सुया बिघडल्या, क्रोशाची सुई पहिल्यासारखी चालत नाही, कात्री जड जाते. मी अवजार हातात घेऊन चष्म्यावरून पाहतो. त्याला काहीही झालेलं नसतं. मग मी म्हणतो, "हात दाखवा बरं." त्याबरोबर हात पदराखाली जातो. पुरुष असेल तर खिशात जातो.

"हाताले काय झालं? हात चांगला हाये. सुईच बेकार निघाली."

हात दुखतो म्हणून माझ्या दारात कोणी येतच नाही. ज्याचा हात दुखतो तो डॉक्टरकडे जातो, आणि तिथे तो गुडघ्याबद्दल बोलतो.

मी जवाहरनगरच्या कारखान्यात टूलरूममध्ये फिटर होतो. तिथे आम्ही काय बनवत होतो ते मी सांगणार नाही, आणि माझ्या बायकोनेही मला ते कधी विचारलं नाही. एवढंच सांगतो, की केसभर फरक पडला तरी तुकडा भंगारात जायचा. अशा कामातून उठून माणूस एकदम घरी बसला की घरच्यांचे हाल होतात. मी पहिल्या आठवड्यात सगळ्या दारांच्या बिजागऱ्या काढून बसवल्या. दुसऱ्या आठवड्यात व्हर्नियर, म्हणजे जाडी मोजायचा आमचा चिमटा, घेऊन पोळ्या मोजल्या आणि एक पोळी दुसरीपेक्षा दीड मिलिमीटर जाड आहे असं जाहीर केलं. बायकोने लाटणं माझ्या हातात दिलं आणि ती मैत्रिणीकडे निघून गेली.

ती मैत्रीण म्हणजे आमच्या शेजारच्या वानखेडे वहिनी. मला या धंद्यात त्यांनीच ढकललं. क्वार्टरमध्ये असताना त्यांच्या हातचा स्वेटर आमच्या अख्ख्या लाईनीत घातला जायचा. आता त्यांनी विणणं सोडलं होतं, कारण अर्थातच सुया बिघडल्या होत्या. एसीच्या पाइपावर चढवतात ती काळी मऊ नळी माझ्याकडे पडली होती. तिचे तुकडे कापून सुयांवर चढवून दिले. चौथ्या दिवशी वहिनी सांगत आल्या, "भाऊजी, सुया रिपेर झाल्या!" त्यानंतर माझ्या ओसरीत बायकांची रांग लागली. बायको म्हणाली, "कारखान्यात पन्नास पुरुषांत वावरले, आता हे पाहा."

बाहेरच्या माणसासाठी या धंद्याचं शास्त्र सांगतो. फार मोठं नाही. वस्तू जितकी बारीक तितकी ती घट्ट धरावी लागते, आणि सुजलेला सांधा घट्ट धरण्यालाच भितो. म्हणून मूठ जाड करायची. वजन कमी करायचं. लाकूड घ्यायचं ते शिवणीचं, हलकं, बाभळीचं नाही. कात्रीत स्प्रिंग बसवायची, म्हणजे ती आपली आपण उघडते. आणि जे काम टेबल, स्प्रिंग किंवा मांडी करू शकते ते बोटांना करू द्यायचं नाही.

मांडीचं शास्त्र मला मोहाडीकडच्या गिरजाबाईंनी शिकवलं. त्या कोशाचं, म्हणजे टसर रेशमाचं, सूत काढायच्या. उकडलेल्या कोशांतून तीन-चार तार एकत्र ओढायचे आणि तळव्याने मांडीवर घासून त्यांना पीळ द्यायचा, असं ते जुनं काम आहे. त्यांच्या मुलाने मला बोलावलं होतं. मी महिनाभर खपून, दांडा फिरवला की सूत निघेल असं एक यंत्र तयार केलं. काय दिसत होतं! टूलरूममध्ये असतं तर साहेबांनी पाठ थोपटली असती. पुढच्या वेळी गेलो तर त्यावर मिरच्या वाळत होत्या आणि गिरजाबाई मांडीवरच सूत काढत होत्या.

"गिरजाबाई, यंत्र काहून नाही वापरत?"

"भाऊ, तुह्या दांड्यानं मनगट दुखते. मांडीवर तळवा फिरते, त्याले बोटं लागत नाही. देवानं एवढी मोठी मांडी कायले देल्ली?"

मी यंत्र परत आणलं. येताना मिरच्याही दिल्या त्यांनी.

दुसरं गिऱ्हाईक भंडाऱ्याच्या निवृत्त मुख्याध्यापिका. क्रोशाच्या सुईला मूठ बसवून दिली तर त्यांनी ती लाल शाईच्या शेऱ्यासकट परत पाठवली. "मूठ सुबक. आकडीची दिशा चुकली. दहापैकी सहा. पुन्हा करून आणणे." मी पुन्हा केली. साडेसात मिळाले. उरलेले अडीच कशाचे कापले ते विचारायची माझी हिंमत झाली नाही.

पण या सगळ्यांत मला खरं पाणी पाजलं ते घरच्याच माणसांनी, आणि ती गोष्ट एकोडीची आहे.

एकोडीला माझी मोठी बहीण शेवंता दिली आहे. आम्ही भावंडं तिला बाई म्हणतो. तिचे मालक देवाजी, म्हणजे माझे भाऊजी, धानाचे शेतकरी आणि त्याहून जास्त दोरीवाले. आमच्याकडे पोळ्याला गावातल्या सगळ्या बैलजोड्या तोरणाखाली एका रांगेत उभ्या राहतात. रांगेत सगळ्यांत पुढे पाटलांची मानाची जोडी. त्या जोडीच्या अंगावरची दावी आणि मोरख्या, म्हणजे तोंडावर बांधायच्या दोऱ्या, भाऊजींच्या वडिलांपासून याच घरून जातात. धुऱ्यावरची, म्हणजे बांधावरची अंबाडी, बोडीच्या, म्हणजे शेतातल्या तळ्याच्या पाण्यात कुजवलेली, आणि घरच्या माणसाने हाताने वळलेली. भाऊजी चहाच्या टपरीवर बसले की दोरी हा विषय निघतोच. नाही निघाला तर ते काढतात.

पोळ्याला अकरा दिवस उरले असताना त्यांचा फोन आला.

"पर्भाकर, ढेरा बिघडला."

ढेरा म्हणजे दोरीला पीळ द्यायचं अवजार. दोन लाकडी पट्ट्या अधिकच्या खुणेसारख्या एकमेकींवर बसवलेल्या, आणि मधोमध बोटभर खुंटी. अंबाडीचा पेळू, म्हणजे विंचरलेल्या तंतूंचा झुबका, खुंटीला बांधायचा, ढेरा लटकता सोडायचा आणि अंगठा न् दोन बोटांनी खुंटीला गिरकी द्यायची. तो भिरभिर फिरतो न् दोरीला पीळ बसतो. त्यात ना चाक, ना खिळा.

"भाऊजी, ढेऱ्यात बिघडाले हाये काय?"

"बिघडला म्हणतो ना! दावे निघून नाई राहिले. औंदा आपली दावी गेली नाई त पाटील साकोलीवरून नायलॉन आणन. मानाच्या जोडीले नायलॉन! मंग मी तोरणाखाली कोणतं तोंड घेऊन उभा राहू?"

मी लगेच ओळखलं. भाऊजींची बोटं गेली असणार. एवढा आवाज चढवणारा माणूस दुखणं लपवत असतो, हा माझा अनुभव. दुसऱ्या दिवशी दुपारच्या एसटीने साकोली आणि तिथून एकोडी गाठलं.

भाऊजींनी ज्योतिष्यापुढे धरावा तसा उजवा हात पुढे केला. बोटांची पेरं सुपारीसारखी फुगलेली, मूठ अर्धीच मिटत होती. मी व्हर्नियर लावला तर ते दचकले.

"दुखलं का?"

"छट्! तुहं लोखंड थंडं हाये."

बाई चहा घेऊन आली. कप तिने दोन्ही तळव्यांत धरून आणला होता. मला वाटलं, चहा गरम असेल. मी मापं वहीत उतरवत होतो. तिच्याकडे मान वर करून पाहिलंही नाही, याची मला आज लाज वाटते.

पहिला ढेरा मी कारखान्याच्या डोक्याने केला. खुंटी जाड, तिच्यात बेअरिंग. एका गिरकीत दोन मिनिटं फिरायचा. भाऊजींच्या अंगणात चार शेजारी जमवून मी तो ऐटीत लटकवला आणि फिरवला. तो फिरतच राहिला. अंबाडीला किती पीळ बसावा याला काही मर्यादा असते, हे बेअरिंगला माहीत नव्हतं. दोरी आधी ताणली गेली, मग तिच्यात गाठी पडल्या, मग ती सापासारखी वेटोळी घेत वर चढली आणि भाऊजींच्या मिशीत गुंतली. शेवटी बाईने कात्री आणली. दोरी वाचली. डावी मिशी थोडी गेली.

"पोळ्याच्या आठ दिवस आगोदर माही मिशी कापली यानं," भाऊजी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते. पाहुणा म्हणून मला कोणी मारलं नाही.

घरी येऊन विचार केला. चूक बेअरिंगची होती, तशी वेळेचीही होती. मी माप दुपारी चारला घेतलं होतं. सांधेदुखीचा हात सकाळचा वेगळा असतो आणि दुपारचा वेगळा. सकाळी तो ताठर न् सुजलेला, दुपारी कामाने मोकळा झालेला. हे मला वानखेडे वहिनींनी शिकवूनही मी विसरलो. म्हणून फोनवर सांगून भाऊजींना सकाळी उठल्या उठल्या हाताभोवती सुतळी गुंडाळून माप घ्यायला लावलं आणि त्या मापाने दुसरा ढेरा केला. शिवणीचा, हलका, खुंटी केळ्याएवढी जाड. एकोडीकडे जाणाऱ्या एकाच्या हाती पाठवला.

संध्याकाळी फोन. "हा बी बिघडला."

"आता काय झालं?"

"जाड हाये."

"भाऊजी, तुमच्याच मापाचा हाये!"

मग मागून बाईचा हळू आवाज आला, "बारीक पाहिजे म्हणा. आन उंच." लगेच भाऊजी ठणकावून म्हणाले, "बारीक पाहिजे! आन उंच!"

एवढं कानावर पडूनही माझ्या डोक्यात उजेड पडला नाही. मी आपला बायकोला म्हणालो, बाई बिचारी किती काळजी करते पाहा भाऊजींची. बायको म्हणाली, "हं." तिच्या या हं मध्ये बरंच काही असतं, ते मी नंतर मोजायला शिकलो.

पोळ्याला पाच दिवस राहिले. मी हत्यारांची पेटीच घेऊन एकोडीला मुक्कामाला गेलो. भाऊजी शेतावर होते. बाई आत भाकरी करत होती. मी ओसरीतल्या बंगईवर बसून झोके घेत विचार करत होतो. रिकामा फिटर बसल्या जागी काहीतरी तपासतोच. मी बंगईची दोरी तपासू लागलो. भाऊजींनी दहा-बारा वर्षांपूर्वी वळलेली, अजून लोखंडासारखी. पीळ उजवीकडे चढणारा. समोर वासरू बांधलं होतं. त्याचं दावं गेल्या सालचं. तेही झकास. मी उठून ते हातात घेतलं.

पीळ डावीकडे चढत होता.

सायकल दुरुस्त केलेल्या माणसाला ठाऊक असतं, की डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. ते चुकून होत नाही, तसे ते मुद्दाम कापावे लागतात. दोरीचंही तसंच. उजव्या हाताने गिरकी दिली की पीळ एका बाजूला बसतो, डाव्या हाताने दिली की दुसऱ्या. भाऊजी पक्के उजवे. मी गोठ्यात गेलो. दोन वर्षांच्या आतली जेवढी दोरी दिसली ती सगळी उलट्या पिळाची, त्याआधीची सगळी सुलट्या. या घरात डावरं माणूस एकच होतं. लहानपणी तिची चापट माझ्या उजव्या गालावर बसायची, त्यामुळे याबाबत माझी खात्री होती.

मी तसाच चुलीपाशी गेलो. "बाई, डावा हात दाखव."

हात पदराखाली गेला. "काहून? हाताले काय झालं? ढेराच बिघडला हाये."

मी तिथेच खाली बसलो. पेटीत व्हर्नियर होता, हजारांश भाग मोजणारा. तो घेऊन मी दोनदा या घरात आलो होतो आणि दोन्ही ढेऱ्यांना चुकीच्या माणसाच्या हाताचं माप धरलं होतं. टूलरूममध्ये असा तुकडा माझ्याकडून गेला असता तर मी स्वतःच स्वतःला मेमो दिला असता.

मग ती हळूहळू बोलली. दोन वर्षांपूर्वी भाऊजींची मूठ मिटेना. पोळ्याआधी ते ढेरा घेऊन मागच्या सपरीत, म्हणजे पडवीत, बसायचे आणि खुंटी बोटांतून सुटून जायची. "एक दिवस रडून राहिले होते रे. मी पाह्यलं न् मांगं फिरली. मंग दुपारी दार लावून मीच वळाले लागली. त्याहिले सांगतलं, तुम्ही अंबाडी विंचरा, मी पीळ देतो."

"मग सांगायचं ना गावाले!"

"सासू म्हणे, बैलाच्या आंगावरचं बाईनं वळू नये. आन त्याहिची टपरीवरची बैठक मोडली असती. औंदा माह्या बी अंगठ्यानं दगा देल्ला, नाई त तुले कायले तरास देल्ला असता?"

अंगठ्याच्या मुळाशी आवळ्याएवढी सूज होती. कप दोन तळव्यांत का धरला होता ते आता कळलं. मला राग आला, भाऊजींचा आणि त्यांच्याहून जास्त माझा. आई गेल्यावर ज्या हाताने मला जेवू घातलं तो हात मी माझ्या आयुष्यात पहिल्यांदा नीट पाहत होतो.

भाऊजी आले. माझ्या हातात वासराचं दावं पाहून त्यांनी पागोटं काढलं न् बंगईवर बसले. मग म्हणाले, "पाटलाले सांगू नको."

"मी नाही सांगत. पण भाऊजी, दोरीच सांगून राहिली. मला दिसलं ते उद्या दुसऱ्यालाही दिसेल."

दुसऱ्या दिवशी पहाटे बाईचा हात ताठर असतानाच मापं घेतली. पण खुंटी कितीही जाड केली तरी गिरकी द्यायला अंगठा लागणारच होता आणि तो अंगठा कामातून गेलेला होता. दुपारपर्यंत मी लाकडं तासून वाया घालवली. अचानक गिरजाबाईंच्या मिरच्या आठवल्या. मांडी! खुंटी बारीक आणि वीतभर उंच केली, तिच्यावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवला. आता बाईने पाटावर बसायचं, खुंटी मांडीवर आडवी ठेवायची आणि डाव्या तळव्याने पोळपाटावर लाटणं ढकलावं तशी पुढे ढकलायची. ढेरा गरगर फिरला. अंगठा नुसता पाहत राहिला. फोनवर मागून आलेला आवाज खरं बोलत होता. बारीक पाहिजे, आन उंच.

बाईने पहिली हातभर दोरी काढली आणि जी हसली! "अरे, हे त पोळ्या लाटल्यावानी हाये!"

चार दिवस सपरी कारखान्यासारखी चालली. भाऊजी अंबाडी विंचरत, मी पेळू लावून देई, बाई तळवा फिरवी. दार मात्र लावलेलं. पोळ्याच्या आदल्या दिवशी दोन दावी आणि दोन मोरख्या तयार झाल्या. मी म्हणालो, "बाई, आता तरी तुझं नाव सांगू दे."

"नाव घेऊन काय लोणचं घालू? त्याहिचंच राहू दे."

पोळ्याला मी भाऊजींसोबत तोरणाखाली गेलो. मानाची जोडी पुढे उभी होती आणि तिच्या अंगावर आमची दोरी, पांढरी, सणसणीत. आमच्याकडे तोरण तुटून बैल सुटण्याआधी झडत्या म्हणतात. माणूस मध्ये येऊन, हात वर करून एक जुळवलेली ओळ ठणकावतो, लोक हसतात, वाजंत्री वाजते. झडती म्हणणाऱ्यांत भाऊजींचं नाव. त्यांनी माइक हातात घेतला. अर्ध्या मिशीवरून लोक आधीच हसत होते. ते थोडे थांबले. मला वाटलं, विसरले.

"अंबाडी भिजली बोडीत, दावं आलं जोडीत!
नाव गाजे पागोट्याचं, काम सारं लुगड्याचं!"

क्षणभर कोणाला काही कळलं नाही. मग पाटील पुढे झाले, दावं हातात धरून पिळाकडे पाहिलं, भाऊजींकडे पाहिलं. "वयनीनं वळलं का, देवाजी?"

"दोन सालापासून," भाऊजी माइकमध्येच बोलले. भोंग्यावरून ते अख्ख्या गावाला ऐकू गेलं.

पाटील म्हणाले, "मंग आपल्या बैलानं कधी तक्रार नाई केली." एकदम हशा झाला, वाजंत्री सुरू झाली आणि तोरण तुटलं. मी टाळ्या वाजवत होतो आणि डोळे पुसत होतो, दोन्ही.

आम्ही घरी पोचलो तेव्हा बाई बैलांना ओवाळायला ताट घेऊन दारात उभी होती. भाऊजी अपराध्यासारखे तिच्यासमोर थांबले.

"आयकलं मी," ती म्हणाली. "अर्धं खोटं बोलले. अंबाडी विंचरली कोणं? तुम्ही ना? मंग काम सारं लुगड्याचं कसं झालं?" आणि तिने बैलांच्या आधी त्यांच्याच कपाळाला टिळा लावून टाकला.

दुसऱ्या दिवशी मी परत निघायच्या तयारीत होतो. पेटी बंद करत होतो तर भाऊजी समोर येऊन बसले. त्यांनी जुना ढेरा आणला होता, वडिलांच्या वेळचा. तो माझ्यापुढे ठेवला. मी सवयीने हातात घेतला न् फिरवून पाहिला.

"काय बिघडलं याचं, भाऊजी?"

त्यांनी दाराकडे पाहिलं. बाई दारातच उभी होती. मग त्यांनी उजवा हात पुढे केला, सकाळचा, सुजलेला, न मिटणारा.

"ढेरा चांगला हाये रे," ते म्हणाले. "हात दुखते माहा."

मी पेटी पुन्हा उघडली.